रिफ्लेक्टर धरणारी

ता. १२, रविवार, सकाळ

अहो,

नमस्कार. फोनवर तब्येत विचारली की तुम्ही "मला काय धाड भरलीय" म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून हे पत्र. त्याला मध्येच तोडता येत नाही.

मी मजेत आहे. तुमची बहीण माझी बडदास्त ठेवतेय आणि डोकंही खातेय. तिच्या घरामागूनच डोंगराची वाट सुरू होते, रोज चालायला जातो. चढणीवर दर वळणाला ती कंबरेवर हात ठेवून म्हणते, "वहिनी, इथून देखावा बघ." देखावा कसला, बाईसाहेबांना दम खायचा असतो. मीही बघितल्यासारखं करते आणि दम खाते. मग खरंच बघत राहते.

परवा एका सपाट दगडावर बसलो होतो. वारा पडला. ढगाची सावली समोरच्या उतारावरून सावकाश खाली आली, आमच्या पायांवरून गेली आणि पुन्हा ऊन पडलं. जन्मभर उजेडाच्या मागे पळले, पण त्याला असं नुसतं येऊ-जाऊ दिलं नव्हतं कधी. फार बरं वाटलं मला.

काल मात्र फजिती झाली. खिंडीत एक कुटुंब भेटलं. त्यांनी फोटो काढायला फोन माझ्या हातात दिला. मी काय करावं? फोन तुमच्या बहिणीकडे सोपवला आणि पांढरी शाल पसरून बाजूला उभी राहिले, त्यांच्या आजोबांच्या तोंडावर उजेड टाकत! लोक बघतच राहिले. सवय, दुसरं काय. लग्न करून स्टुडिओत आले तेव्हापासून तुम्ही कॅमेऱ्यामागे आणि मी रिफ्लेक्टर घेऊन बाजूला.

तुमची बहीण हसून हसून खाली बसली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "दादा स्टुडिओ विकतोय ना? मग तू काय करणार गं?"

मला कुठे माहीत होतं? शेजारचा मेडिकलवाला बुधवारी बयाणा घेऊन येणार, हे तुम्ही बहिणीला सांगितलंत आणि मला डोंगर बघायला पाठवलंत! अस्सा राग आला. पहिली दोन वळणं मी एकटीच तरातरा उतरले. तीच बिचारी घाबरली.

आपल्या घरात एक गोष्ट कोणी तोंडातून काढत नाही. मी अर्धाच कप चहा भरते, तुम्ही मुकाट्याने पिता. शाळेच्या फोटोंचं काम आलं की तुम्ही "तारीख नाही" म्हणता, आणि मी पडदे झटकत बसते. आज लिहूनच टाकते. तुमचा हात कापतो. डॉक्टर म्हणाले, कमी होईल, पण जाणार नाही. बरं, नाही जाणार. त्यात लाज कसली?

आणि हो, "नेटवर्क नाही म्हणून फोटो पाठवत नाही" ही माझी थाप होती. तुमचा कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नव्हता. फोटो बिघडेल याची भीती नव्हती. तुमच्याशिवाय चांगला आला तर, याची होती.

काल उतरताना वाटेत तुमची बहीण बूट काढून दगडावर आडवी झाली आणि तोंड उघडं टाकून झोपली. मी कॅमेरा काढला. ढग सरकेपर्यंत थांबले, मग बटण दाबलं. फोटो चांगला आलाय. बरा नव्हे, चांगला. सोबत पाठवतेय, तिला सांगू नका.

तेव्हा ऐका. बुधवारी मेडिकलवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. जागा दोघांच्या नावावर आहे, माझी सही मिळायची नाही. शाळेच्या बाईंना येतो म्हणून कळवा. फोटो मी काढीन. पोरांना हसवणं मला या जन्मात जमणार नाही, ते तुमचं काम. रिफ्लेक्टर जरा हलला तर हलू दे. लग्नाच्या पहिल्या ऑर्डरीला माझाही हलत होता, तेव्हा तुम्ही सगळ्या वऱ्हाडादेखत विचारलं होतंत, "वारा सुटलाय का?" मी तसं विचारणार नाही. फार तर एकदा विचारीन.

उद्या पुन्हा खिंडीपर्यंत जाणार आहे, कॅमेरा गळ्यात घालून. पुढच्या वर्षी तुम्हालाही आणीन, कुरकुर केलीत तरी.

पत्र पोस्टानं बुधवारपर्यंत पोचायचं नाही, म्हणून खिडकीच्या उजेडात धरून त्याचा फोटो पाठवतेय. अक्षर न् अक्षर स्पष्ट येईल. वाचता आलं नाही म्हणायची सोय नाही.

इतकी वर्षं मी धरला. आता उजेड तुम्ही धरायचा.

तुमचीच,
कॅमेऱ्यामागून