दोन घरांचा होकार

२६ मे, अमरावती

आला! आला! तिरानाचा होकार आला!! चहा उतू गेला आणि मी मेल वाचतच उभी. "अगं, गॅस!" मैथिली ओरडली. मैथिली माझी रूममेट, अकोल्याची, भटजींच्या घरची. तिला ओरडायला तेवढं निमित्त पुरतं. मी तिला उचलून गोल फिरवली.

आता नीट लिहिते. एम.ए., अल्बेनियन भाषा. फी माफ. राहण्या-खाण्याचं आपलं आपण पाहायचं. तिरानाच्या द्रिताबाईंच्या ऑनलाइन वर्गाला दर रविवारी बसत होते, ते कामी आलं. दर्यापूरच्या शेतकऱ्याची पोट्टी, इंग्रजीत बी.ए., आणि अल्बेनियन! लोक विचारतात, हा देश असतो कुठं? मी म्हणते, इटलीच्या समोर, समुद्रापलीकडं. मग विचारतात, काहून शिकून राहिली? तोंडात घोळवायला आवडते, बस!

२८ मे

विल्नियसचाही!!!

लिथुआनियन भाषा. शिष्यवृत्तीसकट. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं! प्रागनं मात्र नाही म्हटलं, म्हणजे झेक गेली. जाऊ दे. परदेशी अभ्यासक्रमांच्या यादीत तीन नावं एकाच रांगेत होती — स्लाव्हिक, बाल्टिक, अल्बेनियन. मी तिन्हीकडे अर्ज ठोकून दिला होता. एकीनं नाक मुरडलं. दोघींना मी पाहिजे! १५ जूनपर्यंत कळवायचं.

आज जेवलेच नाही. भूकच नाही लागली आनंदात.

३१ मे, अकोला

मैथिलीकडे आले. तिचे बाबा, चिंतामणकाका, पूजा सांगत शाळेत संस्कृतही शिकवायचे. विल्नियस ऐकलं आणि भरल्या ताटावरून उठायच्या बेतात! "अगं, देव म्हणजे दिएवास! अग्नी म्हणजे उग्निस! मुलाला काय म्हणतात? सूनुस! आपल्या संस्कृतातल्या सूनुचा सख्खा भाऊ! आणि तू अजून विचार करतेस?"

सिंधूकाकू म्हणाल्या, "अहो, तिला आधी पोळी तरी खाऊ द्या."

तिराना हे नावही काका ऐकून घेत नाहीत. "लक्ष्मी दारात आलीय. मुकाट्यानं हो म्हण."

बरोबर आहे त्यांचं. लिथुआनियन येणारी माणसं आपल्याकडे आहेत कुठं? नोकरीसुद्धा लागेल. सगळं बरोबर आहे.

१ जून, दर्यापूर

घरी सांगितलं. बाबा हसले, आई रडली. मग आई हसली आणि बाबा डोळे पुसत गोठ्याकडे गेले.

पण खरी कचेरी मोठ्या बाबांची! मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, खुशालराव. या भागात कोणाची सोयरीक जुळवायची तर मोठे बाबा मध्ये पाहिजेतच. मुलाचं घर पाहायला तेच जातात. विहिरीचं पाणी चाखतात, शेजाऱ्याशी गप्पा मारतात, सासू कशी बोलते ते ऐकतात, मग हो किंवा नाही. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "पोट्टी एवढ्या दूर द्याची तं घर पाहा लागते."

"मोठे बाबा, विद्यापीठ आहे ते!"

"असन. पन तिथं मानसंच राह्यतात न? बोलाव त्यायले मोबाइलवर. दोन्ही घरं पाहू."

मेले!

३ जून

पाहिली! दोन्ही घरं पाहून झाली! हसून हसून पोट दुखून राहिलं.

आधी विल्नियस. ऑफिसातला एक तरुण मुलगा, अगदी नम्र. मोठे बाबा विचारत, मी इंग्रजीत सांगत. पाणी कसं हाये? नळाचं पिता येतं. थंडी? भरपूर, पण घरं गरम असतात. "आमच्या पोट्टीले ताप आला तं कोन पाह्यते?" विमा असतो, तो म्हणाला. "विमा येते काय डोक्यावर पट्टी ठेवाले?" — हे मी त्याला सांगितलंच नाही.

मग द्रिताबाई. त्या घरूनच बोलत होत्या. मोठ्या बाबांनी विचारलं, घरात कोण कोण? तर त्यांनी सरळ आपल्या आईला हाक मारली! डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी येऊन बसली आणि उलट मोठ्या बाबांनाच धारेवर धरलं. शेत किती? बकऱ्या किती? मुलीला भाऊ आहे का? ती कांदा खाते का? मी अल्बेनियनमधून वऱ्हाडीत, वऱ्हाडीतून अल्बेनियनमध्ये. एकदाही अडखळले नाही! (अडखळले. पण थोडीच.) शेवटी म्हातारी म्हणाली, आमच्याकडे पाहुण्याला तीन गोष्टी देतात. भाकर, मीठ आणि काळीज.

मोठे बाबा सरसावून बसले. मग हात जोडून म्हणाले, "आजपासून पोट्टी तुमची." मी त्याचं भाषांतर 'खूप आभारी आहोत' असं केलं. आणखी काय करणार! ही काय बोलणी आहेत का लग्नाची?

शालूवहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, पदर तोंडात कोंबून हसत होती.

६ जून, अमरावती

ठरलं. विल्नियस!

बाबांना फोन केला. ते मामाकडे तेल्हाऱ्याला लग्नाला गेलेत, मागे बँड वाजत होता. "तुले पटते न?" "हो." "मंग झालं तं!" सोमवारी होकार पाठवते.

मैथिलीनं दह्यातले गिलावडे आणले. आम्ही विल्नियसचे फोटो पाहिले. लाल कौलं, नदी, बर्फ. छान आहे. खरंच छान आहे.

९ जून

हे काय?? विल्नियसची मेल — 'आपण प्रवेश नाकारल्याचं वाचून वाईट वाटलं. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

मी कधी नाकारला?

दर्यापूरला घरच्या कॉम्प्युटरवर माझी मेल उघडी राहिली होती. शुक्रवारी तिथून मेल गेली. मोठ्या बाबांनी सांगितलं, शालूवहिनीनं इंग्रजीत लिहिलं — आमच्या मुलीचं दुसऱ्या घरी ठरलं आहे. तुम्हाला ताटकळत ठेवणं शोभत नाही. तुमच्या घरात काही खोट नाही, मुलगाही सालस वाटला. राग नसावा. आपला, मुलीचे मोठे बाबा, खुशालराव.

माझं डोकं फिरलं. बॅगही न घेता दर्यापूरच्या बसमध्ये बसले.

१० जून, दर्यापूर

भांडले. जन्मात पहिल्यांदा मोठ्या बाबांवर ओरडले.

"मले काहून नाही विचारलं?"

"व माय! शब्द देला न आपन त्या म्हातारीले! एका घराले शब्द देल्यावर दुसऱ्याले लटकवून ठेवनं, हे मानसाचं काम हाये काय?"

"सोयरीक नाही ही! माझं शिक्षण आहे! माझं!"

आई मध्ये पडली. "भाऊजी, तिनं ते दुसरं ठरवलं होतं. आमचं तुमाले सांगाचंच राहून गेलं."

मोठे बाबा खाटेवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढा मोठा माणूस, मान खाली. "चुकलं माह्यं. लाव त्या पोराले फोन. मी माफी मांगतो."

आणि मागितली! मोबाइलसमोर हात जोडून उभे राहिले. "पोट्टीचा दोष नाही बापा, माह्या डोक्यातला घोळ हाये." माझा राग कुठच्या कुठे गेला, या वेळी शब्दाशब्दाचं भाषांतर केलं. तो मुलगा शांतपणे ऐकत होता. म्हणाला, मुदत संपलेली नाही, विचारून कळवतो.

१२ जून

जागा परत मिळाली!

घरात नुसता गोंधळ! बाबांनी मामाला फोन केला. आईनं देवापुढे साखर ठेवली. चिंतामणकाका फोनवर श्लोकच म्हणायला लागले. मोठ्या बाबांना तर विल्नियस म्हणताच येत नव्हतं, सकाळपासून घोकून राहिले होते. आता पाठ झालं तर पेढे घेऊन निघाले सगळ्यांना सांगायला. पेरणी आठ दिवसांवर आली, तिकडे लक्षच नाही! "माह्यामुळं जाऊन राहिलं होतं," म्हणतात, "आता माह्याच हातानं वाटतो."

मी भांडी घासायला बसले.

शालूवहिनी म्हणाली, "काय व, तोंड काहून उतरलं?"

"कुठं काय!"

पण खरंच, काय झालंय मला? सोमवारी ती जागा गेली तेव्हा किती तणतणले! आठवून पाहतेय. रडू आलं होतं का? नाही. मला विचारलं नाही म्हणून संताप झाला होता नुसता. आणि आज जागा परत आली तर भांडी घासत बसले. तिरानाची मेल आली तेव्हा चहा उतू गेला होता.

राहण्या-खाण्याचं काय करायचं मग? अमरावतीत मी मुलांच्या शिकवण्या घेते, त्या तिकडून मोबाइलवर घेता येतील. उन्हाळ्यात काम मिळतं म्हणे. द्रिताबाईंना विचारायला हवं. मी हे काय लिहून राहिले!

१३ जून

विल्नियसला नकार कळवला. मी. माझ्या हातानं. तिरानाला हो.

हसू आवरत नाही!

मोठे बाबा भातकुलीला आत्याकडे पोचलेत. विल्नियसचे पेढे वाटून राहिले.