हॉल तिकिटावरचा चेहरा

लातूर,
९ मे २०००

ती. कमलअक्काच्या चरणी राजशेखरचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. स्वप्नालीला उद्या सकाळच्या नांदेड गाडीत बसवून देतो. दोन वर्षं तुझी लेक माझ्या घरी राहून क्लासला गेली, पण मामाच्या स्टुडिओत चार दिवस पाय ठेवला असेल तर शपथ. सदा न् कदा फिजिक्स. मेडिकलची परीक्षा तुमच्याच गावी आली हे बरं झालं, तुझ्या हातची भाकरी खाऊन पेपरला जाईल.

तिच्या हॉल तिकिटावरचा फोटो नीट बघ. मीच काढलाय. आधी हलकी पावडर, मग निगेटिव्हवर पेन्सिलीनं कपाळ, गाल, नाक असं दोन तास टचिंग केलं. आपली काळीसावळी पोर अशी उजळलीय की भावजींनाही ओळखू येणार नाही. पुढं स्थळांना पाठवायलाही हाच फोटो कामाला येईल.

भावजींना नमस्कार. धाकट्यावर माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
राजशेखर


नांदेड,
१५ मे २०००

चि. राजशेखर यास अक्काचे आशीर्वाद.

फोनवर तोंडाला येईल ते बोलले असते, म्हणून लिहायला बसले. पेपर सुरू होताना सुपरवायझरनं हॉल तिकीट पाहिलं, स्वप्नालीकडे पाहिलं आणि तिला उभं केलं. दुसऱ्याच्या नावावर पेपर द्यायला आलीस काय, असं भरल्या वर्गात विचारलं. पोरगी काही बोललीच नाही म्हणे. मग तिला मोठ्या साहेबांपुढे नेलं.

मी गेटबाहेर झाडाखाली बसले होते. शिपाई मला आत घेऊन गेला. ही माझीच लेक आहे म्हणून मी हात जोडून सांगितलं. साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हो, तुमचीच दिसते. माझा रंग बघून पटलं रे त्यांना! उभ्या जन्मात या रंगाची इतकी लाज वाटली नव्हती. तोवर चाळीस मिनिटं गेली होती. शेवटचे किती तरी प्रश्न तिला वाचायलाही मिळाले नाहीत.

घरी आल्यावर मी तुझ्या नावानं बोटं मोडली. तर तीच मला म्हणते की मामाच्या हाताची चूक न्हाई, माझ्या तोंडाचीच हाय. तेव्हापासून जेवत नाही धड.

तुला काय लिहावं कळत नाही. आशीर्वाद आहेतच, पण राग आहे.

कमल


लातूर,
२१ मे २०००

ती. अक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. यावर माफी मागणं सोपं आहे. त्याहून वाईट गोष्ट सांगायची आहे. असं काही होऊ शकतं हे मला सात वर्षांपासून माहीत होतं.

भूकंपानंतर पंधरा दिवसांनी औशाकडच्या खेड्यातले महादेवप्पा दुकानात आले. त्यांची लेक गेली होती. घरातली एकेक वस्तू ढिगाऱ्याखाली. स्थळाला दाखवायचा तिचा फोटो मी काढलेला, निगेटिव्ह माझ्याकडे होती. मोठा फोटो करून हातात दिला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, पोरगी लई चांगली हाय, पण आमची न्हाई. आमची काळी होती.

मी निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइननं पुसली आणि पुन्हा फोटो छापून दिला. पण पावडर? ती तर फोटोच्या आधीच मी तिच्या तोंडाला लावली होती. ती कशी पुसणार? म्हातारा दुसराही फोटो टेबलावर ठेवून निघून गेला. म्हाताऱ्याला भ्रम झालाय, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. तुलाही तेच सांगितलं होतं.

गिऱ्हाईकच मागतं, माझा काय दोष, असं इतके दिवस म्हणत आलो. स्वप्नालीनं तर मागितलंही नव्हतं. फॉर्मलाच तर लावायचाय मामा, म्हणत होती. मीच तिची हनुवटी धरून पावडर लावली.

माया कर असं लिहायला आज हात धजत नाही.

राजशेखर


नांदेड,
१८ जून २०००

ती. मामांना स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

निकाल कळलाच असेल. सहा मार्कांनी गेलं. बाबांनी अजून एक वर्ष दिलंय, त्यामुळे जुलैत रिपीटर बॅचला येते. मामींना म्हणावं, माझी खोली कुणाला देऊ नका.

तुमचं पत्र आईनं मला वाचायला दिलं. मोठ्या माणसाचं असं पत्र वाचताना कसंसंच झालं. नव्या फॉर्मला नवा फोटो लागेल. तो तुम्हीच काढा, मी तोंड धुऊन आले की तसाच. दुसरीकडे गेले तर ते पुन्हा पावडरच लावतील.

एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. पेपरच्या दिवशी त्या सुपरवायझर सरांनी सगळ्यांसमोर उभं करण्याआधी माझ्या बाकाशी वाकून हळूच विचारलं होतं, हा फोटो तुझाच ना बेटा, म्हणून. आवाज मायेचा होता. हो म्हटलं असतं तर ते पुढे गेले असते. पण फोटोतली मुलगी इतकी चांगली दिसत होती की ती मी आहे असं सांगायची मला लाज वाटली. मी मान हलवून नाही म्हटलं.

मामींना नमस्कार. रागावला नसाल, तर लोभ राहू द्या.

तुमची भाची,
स्वप्नाली