ओल्या पोत्यातली थंडी

॥ श्री ॥
चकलांबा शिवार,
बुधवार, २२ एप्रिल २०२०

ती. दादास,

धाकट्या मनिषाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आमी कारखान्यावरून सोमवारी आलो. गावात न्हाई, गावाबाहेर. वेशीतच ट्रॅक्टर अडवला आन् सरपंचांनी सांगितलं की चौदा दिवस आपापल्या रानात ऱ्हायचं, गावात पाऊल टाकायचं न्हाई. पाच महिने ऊस तोडून आलेल्या माणसांकडं आपलंच गाव असं बघतंय, जसं काय आमी रोग टोपल्यात भरून आनलाय. लिंबाखाली पाचटाची कोपी घातली हाय. सासूबाई बांधावर भाकरी ठिवून माघारी फिरत्यात आन् लांब जाऊन डोळे पुसत्यात.

आमचा फोन कारखान्यावरच हौदात पडला, त्यो गेलाच. दुरुस्तीची दुकानं बंद. आशाताई सत्यशीला रोज आमचा ताप बघाया येत्यात, त्यांच्या फोनवरून तुला आमी पोचल्याचा निरोप धाडलाय. पर त्यांना दिसभर तालुक्याचे फोन, त्यांचा फोन किती अडवणार. शिवाय तूच म्हनतोस, औषधाचं बोलणं कागदावर असावं, फोनवर मी नुसती हो हो करते.

आता मुद्द्याचं. दिपीचं इन्सुलिन संपत आलंय. तीन वर्षं झाली, रोज दोन टायमाला सुई, एक दिवस चुकला न्हाई. आता वाळूच्या डेऱ्यात एकच बाटली हाय, ती पन अर्धी. तीस तारखेपर्यंत पुरंल. सत्यशीलाताईंनी गेवराईत इचारलं तर दुकानात मालच न्हाई. ह्यांनी जाऊन बघतो म्हनलं तर बाहेर पडाया मनाई. दादा, साबण न्हाई, चहापत्ती न्हाई, त्याचं मला काय वाटत न्हाई. तीस तारखेनंतर माझ्या लेकराचं काय, एवढं मनात आलं की बाटली उजेडाला धरून किती उरलंय ते बघत बसते.

ह्यांची तंबाखू संपून चार दिवस झाले. का गप बसलाव म्हनून इचारलं तरी अंगावर येत्यात. दिपी म्हनती, पप्पाला पन एक सुई द्या.

हे पत्र मोसंबीच्या गाडीवर देते. गाडीवाला इरशाद अंबाजोगाईचा, तुझ्याच गल्लीतला निघाला. वहिनीला नमस्कार सांग. तुझा लोभ हाय त्यो असाच चालू ठिव, त्याला तरी लॉकडाऊन लागू नये.

तुझी
मनिषा

अंबाजोगाई,
शनिवार, २५ एप्रिल

चि. सौ. मनिषास,

अनेक आशीर्वाद. दाजींना नमस्कार, दिपीचा एक गालगुच्चा.

पत्र पोचलं आणि त्याच पावली दुकानातून निघालो. आमच्या काउंटरवरचा माल मंगळवारीच संपला होता. बाकीची दुकानं पालथी घातली, शेवटी बसस्टँडमागच्या एका ओळखीच्या दुकानदारानं दोन बाटल्या काढून दिल्या. त्या या पत्रासोबत आहेत. दोन बाटल्या म्हणजे महिनाभराची फिकीर मिटली. आता रडू नकोस.

उन्हाचा पारा बेचाळीसवर आहे, म्हणून वाटेतल्या थंडीचा बंदोबस्त मी इरशादवर सोपवलाय. त्यांच्या घरी दर उन्हाळ्यात कुल्फीचा धंदा असतो, त्याला थंडीचं कुणी शिकवायला नको. तू मात्र बाटल्या पोचल्या की आशाताईंना विचारून उपकेंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांग. तुझ्या त्या मातीच्या डेऱ्याचं कौतुक पुरे. बारा वर्षं औषधाच्या काउंटरवर उभा आहे, फ्रिज तो फ्रिज. दिपीचं औषध तीन वर्षं डेऱ्यात राहिलं आणि तरी पोरगी ठणठणीत आहे, याला मी आपल्या आईची पुण्याई म्हणतो.

इकडे न्हाव्याचं दुकान बंद, म्हणून तुझ्या वहिनीनं कात्री हातात घेतली. मी आता डोक्याला रुमाल बांधूनच दुकानात बसतो. गिऱ्हाइकांना वाटतं, काळजी घेतोय.

दिपीला जप, स्वतःलाही जप. पत्र पाठवत जा, तेवढं एक अजून कुठं संपलेलं नाही.

तुझा
सोमेश्वरदादा

चकलांबा शिवार,
रविवार, २६ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. आज मी लांबलचक लिहिनार न्हाई. रागात हाय, आन् भ्यालेली पन हाय.

इरशादनं मोठ्या इश्वासानं डबा हातात दिला. बिचाऱ्याचा रोजा होता, उन्हानं तोंड वाळून गेलतं, तरी हसत होता. म्हनला, ताई, माझ्या हातची कुल्फी जशी जमती तसा माल आनलाय, इतकुसा बी गरम झाला न्हाई. डबा उघडला तर बर्फात खडे मीठ घालून दोन्ही बाटल्या मधोमध दाबलेल्या. दोन्ही दगड झाल्यात्या.

सावलीत ठिवल्या, इतळल्या. हातात फिरवून बघितल्या. चांगलं औषध असलं की ताकावानी एकजीव होतं, हे तूच दाखवलं होतंस. ह्यात कणी धरलेली. काचेला पांढरं चिकटून बसलेलं, किती बी फिरवा, मोडत न्हाई.

खरं सांगते, सुई हातात घेतली होती. वाटलं, महिन्याचं औषध समोर हाय, तीन-चार दिवसांनी काय बी नसनार, भरून द्यावं, देव बघंल. मग तुझंच वाक्य आठवलं, गोठलेलं इन्सुलिन म्हंजी नुसतं पानी. सुई खाली ठिवली. तू एवढा काउंटरवाला, आन् त्याला एवढं एक वाक्य सांगाया इसरलास? बाटल्या इरशादच्याच हाती माघारी धाडते, बघ तुझ्या डोळ्यानं. त्याला मी कायबी बोलले न्हाई. त्यानं जीव लावूनच केलतं.

उपकेंद्रातला फ्रिज महिनाभर बंद हाय, सत्यशीलाताईच म्हनल्या. तवा आता माझं ऐक. नवा डेरा घे, रंग दिलेला नको, साधा मातीचा. तळाला चार बोटं वाळू घाल आन् ती भिजव. त्यात झाकनाचा स्टीलचा डबा ठिव, डब्यात फडक्यात गुंडाळून बाटली. बाटलीला पानी लागू द्यायचं न्हाई. डब्याच्या भवताली गळ्यापस्तोर ओली वाळू. वरून पोतं गुंडाळ आन् ते सारखं ओलं ठिवायचं. गाडीत बंद जागंत न्हाई, वारं लागंल असं मागं बांधायचं. उन्हाची झळ जितकी लागंल तितकं पोतं गार पडतं. पाच महिने फडावर हेच केलं. तितं कुटला आला फ्रिज.

सुईत वढून बघितलं, गुरुवार सकाळपर्यंत पुरतंय. पुढचं तू जान.

तुझी
मनिषा

अंबाजोगाई,
बुधवार, २९ एप्रिल

चि. मनिषास,

आशीर्वाद द्यायलाही तोंड नाही, तरी देतो.

बाटल्या पाहिल्या. रोज पन्नास माणसांना सांगणारा मी, गोठवू नका, गोठवू नका, आणि भाचीच्या औषधाच्या वेळी ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नाही. कुल्फीवाल्याच्या हातात दिलं आणि थंडी त्याला कळते म्हणून निश्चिंत झालो. चूक सगळी माझी. इरशादला कळल्यावर तो माझ्या दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला. त्याच्या अम्मीनं, हमीदा चाचींनी, त्या संध्याकाळी रोजा सोडताना घासच घेतला नाही.

दोन दिवस वणवण केली. कुठं बाटली नाही. शेवटी आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक विजयसिंह गुरुजी आठवले, त्यांना हेच इन्सुलिन चालतं. मी त्यांच्याकडे मागायला गेलो नव्हतो, कुठं मिळतं का एवढंच विचारायला गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि स्वतःच्या दोन बाटल्यांतली एक आणून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, माझी पंचाहत्तरी झाली, तिला अजून अकरावं लागायचंय. मने, मला तिथंच रडू आलं.

डेऱ्यासाठी कुंभारवाड्यात गेलो तर कुंभार घर बंद करून गावी गेलेला. तेव्हा हमीदा चाचींनी रमजानसाठी घेतलेला कोरा डेरा दिला. सगळं तुझ्या पत्रात बघून केलं, ओळीवर बोट ठेवून. इरशादनं पोतं स्वतः शिवून घट्ट बसवलं, कॅनमध्ये पाणी वेगळं घेतलंय. उद्या दिवस उगवायच्या आत निघतो म्हणतो.

आज तुझा कारभार आणि आमची हमाली. पोचल्याची खबर लगेच दे, तोवर मला अन्न गोड लागणार नाही.

तुझा
दादा

चकलांबा शिवार,
गुरुवार, ३० एप्रिल

ती. दादास,

पोचलं! पोचलं दादा! आन् ताकावानी एकजीव!

सकाळी शेवटची सुई दिली, बाटली उलटी करून. मग दिसभर मी बांधावरच बसून ऱ्हायले. दुपारी गाडी आली. पोतं चिंब ओलं, डबा काढला तर हाताला असा गार लागला की मी त्यो गालालाच लावून धरला. हे कधी रडत न्हाईत, आज तंबाखूच्या नावानं रडले.

इरशादची कथा ऐक. नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. ओलं पोतं, आत डेरा, वर फडकं बांधलेलं. त्यांना वाटलं, हातभट्टी. रोज्याच्या माणसाला खाली उतरवून म्हनले, तोंड उघड, वास घेऊ दे. इरशादनं तोंड पन उघडलं आन् डेरा पन उघडला. बाटली बघितल्यावर हवालदारांनी फडकं माघारी बांधलं. मग त्यांनीच आपल्या बाटलीतलं पानी पोत्यावर वतलं आन् पुढच्या नाक्याला फोन लावून सांगितलं, डेऱ्याची गाडी येतीय, थांबवू नका, नुसतं पानी मारा.

गुरुजींना माझा आन् दिपीचा वाकून नमस्कार सांग. चाचींना सांग, ह्यो डेरा आता माझ्याकडंच ऱ्हानार, माघारी मिळनार न्हाई.

तुझी लई लई खुशीतली
मनिषा

अंबाजोगाई,
रविवार, ३ मे

चि. मनिषास,

आशीर्वाद, आणि आता तूच मला द्यावास अशी वेळ आली आहे.

तुझं पत्र दुकानात मोठ्यांदा वाचलं. मग मलाही चेव आला. दुसरा डेरा तसाच भरून दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि आत थर्मामीटर घातला. बाहेर बेचाळीस, आत पंचवीस! तीनदा बघितलं. आमच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते उकिडवे बसून डेऱ्यात डोकावले आणि विचारू लागले, हे कुठल्या पुस्तकात आहे. मी सांगितलं, पुस्तकात नाही, माझी बहीण ऊस तोडते. हे सांगताना छाती इतकी फुगली की मास्कची नाडी तुटली.

काल शंभर बाटल्यांचा माल आला. सत्यशीलाताईंनी फोनवर यादी दिली, तुझ्यासारखीच रानात अडकलेली तीन लेकरं आणि दोन म्हातारे आहेत, त्या रस्त्यावरच्या गावांतले. इरशादच्या गाडीला आता मागे पाच डेरे बांधलेत. कुंभारही परतला. बाजार बंद, त्याचा अख्ख्या उन्हाळ्याचा माल पडून होता, आता डेरे विकत घ्यायला लोक त्याच्या दारात येतात. प्रत्येक डेऱ्यासोबत तुझ्या पत्रातला वाळूचा परिच्छेद मी हातानं उतरवून देतो. तुझं अशुद्धलेखन तेवढं सुधारलंय, रागावू नकोस.

डेऱ्याला हसलो, ते शब्द मागे घेतो. असंच शिकवत राहा आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा शिष्य
सोमेश्वर

चकलांबा, आपलं घर,
मंगळवार, ५ मे

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. वरचा पत्ता वाचलास का? घर लिहिलंय!

झालं असं की शुक्रवारी गावातली लाईटची डीपी जळाली. वरनं दुसरी येईना, अख्खं गाव अंधारात. आमाला रानात त्याचं काय, आमच्याकडं आधीपासूनच लाईट न्हाई. परवा सकाळी बघते तर सरपंच बांधावर. चौदा दिवसांत जे वीस पावलांच्या आत आले न्हाईत, ते डायरेक लिंबाखाली आले, हातात बर्फाचं पानी झालेली पिशवी. त्यांची आई भिवराबाई पन इन्सुलिनवर हाय, मला ठाऊकच नव्हतं. घरातला फ्रिज बंद पडून दोन दिवस झाले, मिळंल तितं बर्फ हुडकला, आता त्यो बी संपला. मला म्हनले, मनिषाताई, तुमी सांगाल तसं करतो. आजवर मी त्यांना ए जीवनची बायको एवढीच ठाऊक होते.

मला लई बोलायचं होतं दादा. चौदा दिवसांचं सगळं जिभेवर आलतं. पर डोळ्यासमोर म्हातारी आली, तीस तारखेचा बांध आठवला, आन् बोलनं गिळलं. म्हनलं, वाळू घेऊन या.

काल दिवस भरले. आमी पोरंसोरं, भांडीकुंडी घेऊन वेशीतनं आत आलो. सासूबाईंनी दिपीवरून भाकर तुकडा ओवाळला आन् पोटाशी धरून सोडंचनात. आन् आज सकाळपासनं आपल्या ओट्यावर गर्दी; लांब लांब बसवलीत सगळी. कुनाची बीपीची, कुनाची डोळ्याची, ज्याला गारवा लागत न्हाई ती औषधं बी घेऊन आलेत. त्यांना माघारी धाडाया सत्यशीलाताईंना बसवलंय.

बाकी दिपीलाच लिहायचंय म्हनती, कागद हिसकतीय. तुझा, वहिनीचा, गुरुजींचा, चाचींचा, इरशादचा हात आमच्या डोक्यावर असाच असू द्या.

तुझी
मनिषा

मामास दिपालीचा नमस्कार.

मामा, आज सकाळी सुईची वेळ झाली तेव्हा आई भिवराआजीला डेरा भरून दाखवत होती. तिचे हात वाळूनं भरले होते. ती म्हणाली थांब. मी थांबले नाही. हात धुतले, बाटली हातात फिरवली, आईसारखीच वर धरून आकडा मोजला आणि पोटावर माझी मीच टोचली. भिवराआजी म्हणाली, बाई गं, एवढीशी पोर. आईनं बघितलं आणि तशीच वाळूत बसून राहिली. मग मी भिवराआजीला विचारलं की तुमची पण देऊ का. ती हो म्हणाली.

तुझी
दिपाली