शिशाच्या दाराआड

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पोचले एकदाची. मला वाटलं होतं तळघरात एखादी अंधारकोठडी असेल, पण खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून हान नदीचा पूल दिसतो. गुन्सानच्या आमच्या दोन खोल्यांपेक्षा इथलं न्हाणीघर मोठं. दार तेवढं अजब आहे. आत शिसं भरलंय म्हणे, दोन्हीकडे उघडतं, पण खांदा लावल्याशिवाय हलत नाही. नर्स चॉनला विचारलं, कुलूप लावता का, तर ती हसली. म्हणाली, कुलूपबिलूप नाही, रुग्णांच्या समजूतदारपणावर चालतं इथलं सगळं.

फोन, रिमोट, दाराची मूठ, सगळं पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मार्टात मी बांगडे गुंडाळते तसं. छताच्या कोपऱ्यात कॅमेरा आहे, शेजारी स्पीकर. घरचे कपडे बाहेरच्या छोट्या खोलीतल्या कपाटात ठेवून घेतले. ही वहीसुद्धा जाताना यंत्राखाली धरून तपासणार, आकडा जास्त आला तर इथेच राहणार.

उन्हाळ्यात गळ्यातली गाठ काढली तेव्हा थायरॉइडची ग्रंथीही गेली आणि जाताना माझा आवाज घेऊन गेली. मासळीच्या काउंटरवर माइक लावून ओरडणारी मी. माझ्या आवाजावर शिळे बांगडेसुद्धा खपायचे, असं मॅनेजर म्हणायचा. आता गंजलेलं शटर ओढल्यासारखं काहीतरी निघतं. सासूबाई म्हणाल्या, घरात जरा शांतता नांदेल आता. म्हणाल्या आणि लगबगीनं कोबी चिरायला बसल्या.

उरलीसुरली गाठ जाळायला उद्या ती किरणोत्सर्गी आयोडिनची गोळी. शनिवारी इथून सुट्टी. पण पुढे दोन आठवडे बोमीला जवळ घ्यायचं नाही. सहा वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं? तिनं मला विचारलं, आई, तू अंधारात चमकशील का? मी म्हटलं, थोडीशी. मग ती खूश झाली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

गोळी साधीच निघाली. जाडजूड शिशाच्या डबीतून काढली म्हणून, नाहीतर सर्दीची समजून कुणीही गिळेल. डॉक्टर दारातून बघत होते. गिळली म्हणताच ते आणि चॉन असे मागे सरले की मला माझीच लाज वाटली. आता यापुढे कुणी आत येणार नाही. जेवण बाहेरच्या खोलीत ठेवणार, मी जाऊन घ्यायचं. त्या खोलीत भिंतीवर अंगातले किरण मोजणारा एक मापक आहे. लाल दिवा लागला तर कॉरिडॉरच्या दाराकडे जायचं नाही, हिरवा लागला की सुटका.

जेवण म्हणजे मीठ नसलेला भात आणि उकडलेला भोपळा. समुद्रातलं काहीही चालत नाही, त्यात आयोडिन असतं; खारवलेल्या कोबीची किमचीसुद्धा नाही. पंधरा दिवस झाले या पथ्याला. मासे विकणाऱ्या बाईला मासे बंद.

बोमीचे बाबा व्हिडिओवर आले होते. बॉयलर दुरुस्त करताकरता बोलत होते, तोंडाला काजळी. माझं सुजलेलं तोंड बघून म्हणाले, "अगं, तू तर डंपलिंगसारखी दिसतेस." या गोळीसाठी थायरॉइडचं औषध बंद केल्यानं सूज येतेच. मी त्यांना म्हटलं, अहो, आरशात बघा आधी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून मळमळतंय. गाल कानापर्यंत सुजले, दाबले की कळ जाते. लाळ यावी म्हणून लिंबाच्या आंबट गोळ्या चघळायला दिल्यात, पण जिभेला नाणं चाटल्यासारखी चव. पाणी प्यायचं, लघवीला जायचं, अंघोळ करायची, परत पाणी प्यायचं. अंगातून माझं विष धुवायचं. थंडी अशी वाजते की दोन पांघरुणंही पुरत नाहीत.

दुपारी जरा बरं वाटलं. स्पीकरवरून एक बाई बोलली. चॉन नव्हती, दुसरीच कुणीतरी असावी. आवाज कोरडा, चिरका, माझ्याहूनही वाईट. मला वाटलं, हिचंही ऑपरेशन झालेलं दिसतंय. तिनं विचारलं, एकटं वाटतं का? मी म्हटलं, वाटतं की. मग बराच वेळ गप्पा मारल्या. मुलीचं नाव काय, तिला झोपवताना काय म्हणता, नवऱ्याला हाक कशी मारता. मी सगळं सांगितलं. माणूस बोलायला मिळालं की किती बरं वाटतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ती पुन्हा आली. म्हणाली, मासे विकताना कशा ओरडायचा ते एकदा ऐकवा ना. मी हसले. म्हटलं, आवाज कुठे उरलाय. ती म्हणाली, जमेल तेवढं. मग मी बेडवर उभी राहून ओरडले. ताजे बांगडे, आत्ताच बोटीवरून उतरले, दोनावर एक फुकट! फाटका का होईना, आवाज निघाला. ती म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा ओरडले. ती म्हणाली, अजून एकदा, मोठ्यानं. पाच-सहा वेळा झाल्यावर घशात काहीतरी सुटल्यासारखं झालं. आता कुजबुजच निघते.

तिचा आवाज मात्र आज बराच मोकळा वाटला.

संध्याकाळचं जेवण ठेवायला आलेल्या चॉनला दारातून विचारलं, ती दुपारची नर्स कोण? तिला माझं बोलणं ऐकूच येईना. वहीवर लिहून दाराच्या फटीतून दाखवलं. ती गोंधळली. म्हणाली, दुपारी स्पीकरवर कुणी बोलत नाही. त्यावरून आम्ही फक्त जेवण आल्याचं सांगतो. मग डोळे बारीक करून म्हणाली, औषध बंद असलं की कधीकधी भास होतात हो, घाबरू नका.

भास असेल. बोमीला गुड नाइट म्हणायला व्हिडिओ फोन केला, पण तिला ऐकू गेलं नाही. आई, बोल ना, बोल ना, म्हणत राहिली. मी हात हलवत राहिले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज सुट्टीचा दिवस. सकाळी आंघोळ केली, केस विंचरले, पिशवी भरून बसले. बाहेरच्या खोलीत गेले तर कपाट उघडं आणि रिकामं. माझा तपकिरी कोट, बूट, सगळं गायब. मापकावर लाल दिवा. आकडा बुधवारपेक्षा जास्त. असं होत नाही. तो रोज कमी व्हायला हवा, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं.

घंटा दाबली. कुणी आलं नाही. वॉर्डला फोन लावला, जमेल तेवढं कुजबुजले. पलीकडची बाई म्हणाली, मो हेरान का? त्या सकाळीच घरी गेल्या. आकडा छान उतरला होता, मिस्टर न्यायला आले होते. मी म्हटलं, मीच हेरान, मी आत आहे. ती म्हणाली, कॅमेऱ्यात खोली रिकामी दिसतेय, बाई. उद्या सफाई आहे. अशी चेष्टा करू नका.

मी कॅमेऱ्याखाली उभी राहिले. हात हलवले. उडी मारली. लाल टिपका माझ्याकडेच बघत होता.

नवऱ्याला फोन लावला. त्यांनी उचलला. मी म्हटलं, अहो, मी आहे. ते म्हणाले, कोण? मोठ्यानं बोला. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांचा आवाज बदलला, ते परक्या माणसांशी बोलतात तसा झाला.

"बायकोचा नंबर चोरून फोन करता? लाज नाही वाटत? माझी बायको माझ्यासमोर बसून जेवतेय."

आणि मागून हसू ऐकू आलं. माझं हसू. ऑपरेशनच्या आधीचं, खणखणीत. म्हणाली, "ठेवा हो फोन. पैसे उकळणारे असतील."

१७ नोव्हेंबर

जेवण आलं नाही. सफाईलाही कुणी आलं नाही. नळाचं पाणी आहे. गाल उतरत नाहीत.

दार उघडून जावं असं शंभर वेळा मनात आलं. कुलूप नाहीच. बाहेरच्या खोलीपर्यंत गेले, कॉरिडॉरचं दार बोटभर उघडलं आणि मापक असा किंचाळला की मी हात मागे घेतला. आकडा आणखी वाढलाय. माझ्या अंगात काय पेटलंय ते मला कळत नाही. अशी घरी गेले तर बोमीचा तो इवलासा गळा—

दार लावून घेतलं. मीच लावलं.

१८ नोव्हेंबर

नवरा फोन उचलत नाही. सासूबाईंचा लावला, तो बोमीनं उचलला. आजीच्या फोनवर गेम खेळत होती. मी सगळा जीव घशात आणून म्हटलं, बोमी, आई. तिला ऐकू आलं. पोरीचे कान तिखट.

म्हणाली, तू हॉस्पिटलवाली आई का? आई म्हणाली होती, तुझा फोन येईल.

मी विचारलं, आई काय करते. सगळं सांगितलं तिनं. आई समुद्री शैवालाचं सूप करते, स्वतःही दोन वाडगे पिते. डॉक्टर म्हणाले तसं लांब झोपत नाही, मलाच कुशीत घेते. बाबा रागावले तर हसते. आजी म्हणते, सून बरी होऊन आली.

मी म्हटलं, बोमी, तिच्याजवळ जाऊ नकोस. आजीला सांग, पोलिसांना—

ती मग म्हणाली, "पण ही आई मिठी मारते."

इथे यायच्या आधी मीच तर तिला शिकवलं होतं, दोन आठवडे आईऐवजी उशीला मिठी मार.

मग फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. माझाच आवाज, गोड, मोकळा. काम शोधलंय म्हणाली, मार्टात परत. मॅनेजर खूश आहे. मग हळू आवाजात, मुलीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, म्हणाली, "पोरीचा आवाज तुझ्याहून छान आहे गं. एकदा आणते तिला तुझ्याकडे."

१९

बॅटरी संपली. चार्जर बाहेरच्या कपाटात होता, त्या कोटाच्या खिशात.

वहीची पानं फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं, मी आत आहे, पोलीस बोलवा, आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. हात दुखेपर्यंत. नंतर खिडकीला लावलं. पुलावरून माणसं जातायत, मुंग्यांएवढी. वर कुणी बघत नाही.

घसा आता दुखतही नाही. तिथे काही उरलंच नाहीये. तोंड उघडलं तर नुसती वाफ.

किती झोपले कळत नाही. तारीख अंदाजानं लिहिते.

२० असावी

उन्हं खिडकीत आली होती. बाहेरच्या खोलीत पावलं. छोटी. बूट नसलेली.

दारावर थाप. आणि बोमीचा आवाज.

"आई, उघड ना. मी एकटी आहे. ती गेली. मला भीती वाटतेय."

ती इथे आलीय. गुन्सानहून. मापक किंचाळतोय आणि ती त्याच्याजवळ उभी आहे. मी दारावर हात मारले, जा, जा, म्हणून. आवाज निघत नाही. तिला वाटलं मी उघडतेय. ती मूठ फिरवायला लागली. बाहेरून ढकलतेय.

मी खांदा लावला. दार लावून धरलं. ती रडतेय.

"तू का ढकलतेस? आई? तू का ढकलतेस?"

उघडलं तर मी तिला जाळीन. नाही उघडलं तर बोमी बाहेर, त्या बाईच्या हाती—

आणि हे बोमी नसेल तर?

रडणं बोमीचंच आहे. रडता रडता उचकी लागते ती तिचीच. पण फोनवर तो आवाज मलाही माझाच वाटला होता—

जमिनीवर वही ठेवून लिहितेय. पाठ दाराला.

तरीही २०

रडणं थांबलं. दुसरी पावलं आली. टाचांची. माझे बूट.

बोमी म्हणाली, आई आली, आई आली. किती आनंदानं म्हणाली.

ती बाई हळूच काहीतरी विचारतेय बोमीला. शब्द कळत नाहीत. शिसं आहे मध्ये. बोमी हसतेय. आता ओरडतेय, खेळात ओरडतात तसं. पुन्हा. अजून मोठ्यानं. अगं बाळा, नको. गप्प बस. एक शब्दही बोलू—

जळू दे. काहीही होऊ दे. मी उघडते. आधीच उघडायला हवं होतं.

खांदा लावला. हलत नाही. कुलूप नाही याला. कुलूप नाही, मला माहीत आहे, रोज मी हेच दार—

बोमीचा आवाज फाटायला लागलाय.

ढकलतेय. पलीकडून कुणीतरी पाठ लावून बसलंय. मी बसले होते तशीच. मला तिचा श्वास

बोमी मी आहे इथे मी आ