अर्धा कुंडलिक

३० जानेवारी २०२५, गुरुवार

डोना येतेय म्हणे. मंगळवारी पहाटे मुंबईला उतरणार, दुपारपर्यंत निरगुडसरला.

फोनवर पहिला प्रश्न — "हाऊ आर यू, गोरख?" मी सांगायला लागलो. गुडघा, आईची भूक, थंडी. माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं विमानाची वेळ सांगायला घेतली. अमेरिकन माणसाचा हा प्रश्न नसतोच, दारावरची बेल असते. वाजवायची आणि आत शिरायचं. हे मला ठाऊक आहे, तरी दर वेळी उत्तर द्यायला तोंड उघडतो.

आणि 'गोरख'. थोरल्या भावाची बायको असली तरी आमच्यात वहिनी दिराला भाऊजी म्हणते. अंजनानं लग्न झाल्यापासून माझं नाव उखाण्याखेरीज घेतलेलं नाही. ही सातासमुद्रापलीकडून घेते, तेही 'ख'चा 'क' करून.

१ फेब्रुवारी, शनिवार

दादाला जाऊन वर्ष होतंय. मिशिगनला गेला, तिथंच दहन. इथं आम्ही दर्भाचा पुतळा करून दशक्रिया उरकली. अस्थी डोनाकडंच राहिल्या. मी कळवलं होतं, कुरिअरनं पाठव, तशी सोय असते, मी चौकशी केलेली आहे. तिचं उत्तर — कुंडलिकला मी पार्सल करणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.

ऐकायला छान. पण त्यापायी आईनं वर्षभर गोडाला हात लावला नाही. रोज दिवेलागणीला विचारते, "निघाली का रं ती?" आईचा जीव त्या अस्थींच्या डब्यात अडकलाय. "माझं पोरगं आख्खं नदीला लागू दे, मंग मी मोकळी." एवढंच तिचं मागणं आहे, आणि ते पुरं करणं माझं काम.

संध्याकाळी चुलतभाऊ भगवंत आला. पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सचं ठरवायला.

"वहिनीचा फोटू टाकायचा का?"

"नको."

"टाक की राव. तेवढीच एक गोरी, बाकी समदं आपुन."

मग त्याचं नेहमीचं सुरू. त्यांच्यात आईबापाला आश्रमात टाकत्यात अन् कुत्र्याला गादीवर निजवत्यात. मी ऐकीव गोष्टीला मान डोलवत नाही. पण मी याविषयी वाचलेलं आहे. आश्रमाचं खरं आहे. कुत्र्याचंही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आली. निळी पँट, नखं लाल. वर्षाची विधवा, आणि उतरल्यापासून हसतेय. ड्रायव्हरला हसली, शेजारच्या म्हशीला हसली. अंगणात भगवंत पुढं झाला तर तिनं त्याला मिठी मारली. भगवंत विजेच्या खांबासारखा उभा. नंतर सगळ्यांना सांगत होता, "मला वाटलं पडती काय, म्हून धरलं."

आईसमोर मात्र थबकली. मला विचारते, मी यांना मिठी मारली तर चालेल का? सासूला जवळ घ्यायला परवानगी! चुलतदीर आहे त्याला विचारलं नाही.

आई म्हणाली, "काय म्हनती?"

"नमस्कार म्हणते."

आईनंच हात पुढं केले.

५ फेब्रुवारी, बुधवार

अंजना चिडलीय. पाणी दिलं — थँक्यू. भाकरी वाढली — थँक्यू. ताट उचललं — थँक्यू. "मी काय हाटेलात कामाला हाय का?" तिचं बरोबर आहे. आभार परक्याचे मानायचे. घरच्या माणसाचे मानले की तिथल्या तिथं हिशोब मिटला, पुढं कोणी कोणाचं लागत नाही. हे लोक दिवसभर असे हिशोब मिटवत असतात, म्हणून शेवटी एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

आता मुख्य.

दुपारी तिनं डबा माझ्या हातात दिला. तांब्याच्या तांब्यात अस्थी काढून घ्याव्या म्हणून उघडला. पीठ केल्यासारखी बारीक राख. पण थोडी. मी पुष्कळ घरच्या अस्थी सावडल्यात, माणूस एवढा भरत नाही हे मला हाताला कळतं.

विचारलं, सगळं एवढंच?

"नाही, अर्धं," म्हणाली. अर्धं तिकडच्या तळ्यात सोडलं. कुंडलिकनंच तसं सांगितलं होतं — अर्धा इथं, अर्धा आईकडं.

हे तिनं कसं सांगितलं! अर्धी भाकरी झाकून ठेवलीय, तसं. चेहऱ्यावर ओशाळेपणा नाही. मला म्हणते, आईला माहीतच असेल ना? मी म्हणालो, हो.

आईला माहीत नाही. कळणारही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्याकडं एकच शब्द आहे — अमेझिंग. नाणेघाट दाखवायला नेलं, दोन हजार वर्षांपूर्वीचा कोरीव लेख — अमेझिंग. वाटेत घाटघरला कोरा चहा प्यायली — अमेझिंग. घरी म्हशीचं रेडकू — अमेझिंग. एकाच पायलीनं सोनं आणि शेण मापणारे लोक.

रात्री जेवताना भगवंत मला म्हणाला, "इचार तिला, दादाच्या आजारपनात नर्स ठिवली व्हती का?" विचारलं. नाही म्हणाली. कूस बदलायला ती इस्पितळात शिकली. अंघोळ तीच घालायची. शेवटी शेवटी तो तिला आई समजून मराठीत बोलायचा, तिला कळायचं नाही, ती हं हं म्हणायची.

हे मला माहीत नव्हतं. हे मी जसंच्या तसं भाषांतर केलं.

भगवंत बराच वेळ भात कालवत बसला. मग म्हणाला, "पगारी रजा मिळत आसंल त्यांच्यात."

८ फेब्रुवारी, शनिवार

विसर्जन झालं. आमची पोरगी श्रेया कॉलेजातून पुण्याहून पहाटेच आली. घाटावर माणसं बरीच. आईनं तांब्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"येवढाच?"

मी म्हणालो, "तिकडं मशीनीत जाळतात, आई. राख कमी उरते."

तिनं मान हलवली. हात पाण्यात बुडवून उघडला. कुंडलिक, जा बाबा, म्हणाली. मी नदीकडं बघत राहिलो. खोटं बोललो, पण कोणासाठी बोललो? डोना कडेला उभी, अनवाणी. तिला तरी कुठं काय कळलं.

संध्याकाळी आईनं वर्षानं शिरा खाल्ला. दोन घास.

९ फेब्रुवारी, रविवार

झालं पुण्यस्मरण. सगळं लिहून ठेवतो, उद्या लोक भलतं सांगतील.

कीर्तन छान. मग भाषणं — पतसंस्थेचे, दूधसंघाचे, जो तो. दादाला लहानपणी चड्डीत बघितलेले लोक 'निरगुडसरचा हिरा' म्हणत होते. मग डोना उठली. म्हणाली, मलाही बोलायचंय. भाषांतर माझ्याकडं. इंग्रजी मी शाळेत शिकलो नाही, दहावीला शाळा सुटली. माझ्या दुकानात येणाऱ्या पंपांच्या माहितीपुस्तकांवरून आणि डिक्शनरीवरून शिकलो. गावात इंग्रजी कागद आला तर लोक माझ्याकडं येतात. माइक मी हक्कानं घेतला.

तिनं सुरुवातच अशी केली — तुमचा कुंडलिक हा आमच्या भागातला सगळ्यात वाईट मासेमार होता.

पुढं महाराज बसलेले. आईच्या गळ्यात माळ. आमच्या घरात अंडं शिजत नाही.

ती सांगत गेली. दर रविवारी मित्रांबरोबर होडीतून तळ्यात जायचा. गळ टाकून दिवसभर बसायचा. इतक्या वर्षांत एक मासा नाही. मित्र टिंगल करायचे, आपल्याकडचं आमिष आणून द्यायचे. एकदा तिनं गळ ओढून बघितला तर कोरा. आमिष तो कधी लावायचाच नाही! का, तर म्हणाला, आई माळकरी आहे, चुकून लागला मासा तर तिला काय सांगू? पण मित्र सोडवत नाहीत.

इथं ती थांबली. तोंडावर हसू, लोकांकडं बघतेय. मयताच्या कार्यात हे लोक गमती सांगतात, हे मी वाचलेलं आहे. तसं न केलं तर मेलेल्या माणसाचा अपमान समजतात.

मी माइकवर म्हणालो, "वहिनी सांगतात, दादांना निसर्गाची फार ओढ होती. पाण्याकाठी बसून ते तासन्‌तास चिंतन करायचे."

महाराज म्हणाले, "वा."

ती गोंधळली. पुढं म्हणाली, म्हणून त्याचा अर्धा भाग त्याच तळ्यात आहे, आणि अर्धा मी त्याच्या आईला आणून दिला.

मी म्हणालो, "त्यांची शेवटची इच्छा एकच होती, की आपल्या मातीत मिसळावं."

बायांनी डोळ्याला पदर लावले. आईनं लावला नाही. ती डोनाच्या तोंडाकडं बघत होती, मग माझ्या, मग परत डोनाच्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहाला डोना समोर येऊन बसली. आज हाऊ आर यू नाही.

मी थांबले तिथं एकही माणूस हसला नाही, म्हणाली. तू काय सांगितलंस?

"जे शोभेल ते."

आवाज चढवला नाही. हेही त्यांचं एक — भांडताना आवाज उतरतो. म्हणाली, गोरख, मी एवढ्या लांब माझा नवरा घेऊन आले, आणि तू त्यांना दुसराच माणूस दिलास.

मी सांगितलं, आमच्यात मेलेल्याला हसत नाहीत.

ती म्हणाली, "तो हसायचा. तुमच्याकडं हसत नव्हता का?"

उत्तर आता सुचतंय. दादा इथं थोरला होता. थोरल्याला आमच्यात हसून भागत नाही. वडील गेल्यावर त्यानं घर वर काढलं, तेव्हा तो हसला असता तर आम्ही रडलो असतो. तिला आयता मोकळा झालेला माणूस मिळाला. होडीत बसणारा. आमचा कुंडलिक तिनं बघितलाच नाही — आणि मला सांगते दुसरा माणूस!

पण हे तिला इंग्रजीत सांगता आलं नसतं. एवढं माझं इंग्रजी नाही. पहिल्यांदाच लिहितोय हे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानातून दुपारी घरी आलो तर पडवीत हसण्याचा आवाज. आईचा! खोकला लागेपर्यंत हसत होती. डोना तिच्या पायाशी बसलेली, श्रेया मध्ये.

"कोरा गळ! आगं माझं येडं ते! ल्हानपनी गांडूळ बघून पळायचं, त्ये काय मासं धरतंय!"

आईनंच श्रेयाला बसवलं होतं. "तुजा बाप सांगत व्हता तवा त्याचं त्वांड रडकं अन् हिचं हासरं. मला दोन्ही डोळं हायेत. तू सांग."

श्रेयाचं इंग्रजी कच्चं आहे. 'डिड वेंट' म्हणते. काळ चुकतो, क्रियापद चुकतं. पण गाळत काही नव्हती. तळ्याच्या गोष्टीपाशी आली आणि तिला मी दारात दिसलो. मी मान हलवली. नको.

तिनं माझ्याकडं बघत सांगितलं. अर्धा तिथं. अर्धा इथं.

अंजना चूल सोडून दारात आली. मला वाटलं, आता हंबरडा.

आईनं डोनाला विचारलं, "पानी सोच्छ हाय का तितलं?"

श्रेयानं विचारलं. डोना म्हणाली, तळ दिसतो.

"थंडी लई आसंल?"

हिवाळ्यात वरून बर्फ होतं. खाली पाणी वाहतं राहतं.

"कोन जातं का तितं त्याच्याकडं?"

डोना म्हणाली, मी जाते. दर रविवारी. आणि तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, परवानगी कोणीच विचारली नाही.

मग माझ्याकडं बघितलं. "मशीनीत कमी उरती, व्हय रं?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

आई माझ्याशी बोलत नाही. पाणी अंजनाकडं मागते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेली. निघताना आईनं तिची ओटी भरली. विधवेची! तांदूळ, खण, नारळ. दारात शेजारपाजारच्या बाया उभ्या. मी हळूच म्हणालो, "आई, हे आपल्यात चालत नाही."

"त्यांच्यात चालतं का त्ये सांग. तुला त्यांचं समदं ठावं हाय ना?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांच्यात ओटीच नसते.

डोनानं नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि आईला थँक्यू म्हणाली नाही. मी ऐकत होतो.

३ मार्च, सोमवार

आईला पासपोर्टच्या फोटोसाठी मंचरला नेलं. उन्हाळ्यात जायचं म्हणते, तळ्यावर. श्रेया बरोबर जाणार. वाटेत मी म्हणालो, माझाही काढून घेतो, तिघं जाऊ, तिकडं बोलायला माणूस लागेल.

आई बाहेर बघत होती. म्हणाली, "तू नगं. तू मधी उभा ऱ्हातोस."