बिनबुडाची बादली

सोमवार, ३ तारीख

मोठ्या बाईंच्या डोक्यातून काय निघेल, नेम नाही! विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून पहिलीच्या पोरांना ‘पिण्याचं स्वच्छ पाणी’ आता मी शिकवायचं. मी — खेळाचा मास्तर! "नाहीतरी तुम्ही नुसती शिट्टीच तर वाजवता." बास्केटबॉल आहेच वर. महिनाअखेरीस संस्थेचे अध्यक्ष येणार, त्यांच्यासमोर पोरांनी दोन्ही करून दाखवायचं. जमलं तर मला कायम करणार म्हणे. किती वर्षं हंगामीच कुजतोय.

बायकोला सांगितलं. म्हणाली, "या वेळी तरी तोंड आवरा." बरं!

बुधवार, ५

बास्केट मोठ्यांच्या उंचीवर. पोरं वर बघून बघून मान अवघडून घेतात. शेवटी एका बादलीचं बूड कापलं आणि ती खिडकीच्या गजाला बांधली. शिपाईमामा आले — "अहो सर, मी यात पाणी भरायचो!" आता भरा म्हणावं.

चेंडू हातात धरून पळायचं नाही, टप्पे टाकत जायचं. धरून पळाला की फाउल! पाच फाउल झाले की खेळाबाहेर बसायचं. (खरं तर त्याला फाउल म्हणत नाहीत. पण या वयाला कोण समजावणार?)

सोमवार, १०

पाण्याचा तास. झाकण आहे का? टाकी कधी धुतली? उकळलं का? — प्यायच्या आधी हे विचारायचं. न विचारता प्यायला तर? सगळी ओरडली, "फाउल!" हे माझं नाही हं, त्यांचं त्यांनीच जोडलं. पालथ्या घड्यावर पाणी असेल असं वाटलं होतं, पण घडे सरळ निघाले.

गुरुवार, १३

एक आई तक्रार घेऊन आली. "सर, आमच्या लेकानं माझ्या सासऱ्यांना घराबाहेर बसवलं. पाच फाउल झाले म्हणून!" सासरे मुकाट्यानं ओट्यावर बसले होते म्हणे. हसू आवरेना.

चिमणी त्याहून कडक. वर्गात सगळ्यात लहान, चेंडू बादलीपर्यंत पोचत नाही, पण बापाला सांगून माठावर झाकण आणवलं. तिची आई म्हणाली, "आता आम्हालाही विचारल्याशिवाय ओंजळ लावता येत नाही."

मंगळवार, १८

चेंडू गच्चीवर गेला. आणायला मीच गेलो. शाळेच्या टाकीला झाकणच नाही! आत मेलेलं कबूतर, फुगलेलं.

मोठ्या बाईंकडे धावलो. "अध्यक्ष येऊन जाऊ देत," म्हणाल्या. अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाचा थंड पाण्याचा नळ बसलाय, तो याच टाकीवर. आता टाकी उपसली तर उद्घाटन कशाचं करायचं? "आणि तुमच्या ऑर्डरवर सहीही त्यांचीच, लक्षात ठेवा."

लक्षात ठेवलं. कबूतर काढून पुरलं, टाकीवर फळी ठेवली. मनाला बरं वाटलं. पाण्याला काय वाटलं असेल ते असो. पोरांना मात्र हळूच सांगितलं — घरून बाटली आणा, नळाचं पिऊ नका.

दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान!

शुक्रवार, २८

झालं एकदाचं! टप्पे झकास. चिमणीचा चेंडू चक्क बादलीतून गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फीत कापली. अध्यक्ष म्हणाले, "या रे पोरांनो, प्या गार पाणी!" एकही पोर हललं नाही. एक जण पुढे होऊन विचारतो, "टाकी कधी धुतली?"

घ्या! हात दाखवून अवलक्षण!

अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे. मागून कुणीतरी "फाउल!" म्हणालंच. माझे कान तापले. काय करणार? पेला भरला, सगळ्यांसमोर गटागटा प्यायलो. "स्वच्छ आहे! एकदम गोड!" अध्यक्ष खूश, पाठीवर थाप. स्वतः मात्र गाडीतल्या सीलबंद बाटलीतलं प्यायले. मग पोरांची रांग लावली. बहुतेकांनी तोंडाला लावल्यासारखं केलं आणि गुपचूप मातीत ओतलं. पक्के चेले! मनात म्हटलं, शाबास रे.

शनिवार, १

पोटात काही नाही. बायको म्हणाली, "तुम्हाला दगडही पचेल." मोठ्या बाईंचा फोन — ऑर्डर टाईप होतेय. रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

सोमवार, ३

ऑर्डर मिळाली. कायम! शिपाईमामांनी पेढे मागितले. टाकी पुढच्या आठवड्यात धुणार म्हणे. पहिलीत आज चार-पाच पोरं नाहीत. हवा बदललीय, सर्दी-पडसं असेल.

बुधवार, ५

चिमणी दवाखान्यात. सलाईन लावलंय. डोळे खोल गेलेत, उलट्या थांबत नाहीत.

आई दारातच भेटली. "भरलेली बाटली दिली होती हो दप्तरात. ती तशीच परत आली. नळाचं का प्यायली असेल?"

कॉटवरून चिमणीच म्हणाली, बारीक आवाजात — "सर प्यायले ना."