विमानतळावरचा हवेचा दाब

शनिवार, १४ ऑगस्ट

प्रिय निनोस्का,

आज सुट्टी. सकाळी सातला हॉस्पिटलात गेले, यंत्राच्या खोलीत तीन तास एकटी होते, दहाला घरी आले. दुपारी सूप गरम करून प्यायले. ऊन आहे, पण वारा बोचतो. तुझ्या बाबांना, माझ्या गुरूंना, डॉन अनसेल्मोंना माती देऊन आज सतरा दिवस झाले.

त्या दिवशी मी चाळीस मिनिटांत निघून गेले, तुझ्याशी धड बोललेही नाही. कॅन्सरवर किरणं देणाऱ्या आमच्या यंत्रावर बावीस जण खोळंबले होते. किरणांची मात्रा ठरवणारी, परवाना असलेली फिजिसिस्ट इमारतीत नसेल तर यंत्र चालवायचं नाही, हा नियम तुला माहीत आहे, आणि बाबांच्या मागे तशी मी एकटीच उरले. कास्ता, आमची यंत्र चालवणारी, स्मशानभूमीच्या फाटकाशीच उभी होती. म्हणाली, "फिजिक्सबाई, तुम्हाला साधी सर्दी जरी झाली तरी अख्खा प्रांत आजारी पडतो बघा." ती हसली, मीही हसले. अकरा वर्षांत मी सलग चार दिवस या शहराबाहेर गेलेले नाही. पुढचं यंत्र रात्रभराच्या बसप्रवासाएवढं दूर आहे, आणि आमच्याकडची निम्मी माणसं त्या बसमध्ये बसण्याच्या अवस्थेत नसतात.

तू सांतियागोच्या प्रयोगशाळेतून तुमच्या अभ्यासासाठी तीन वर्षं ती पाकिटं पाठवत होतीस. आत चार लहान कॅप्सूल आणि एक फॉर्म. रुग्णाला देतो तेवढीच, दोन ग्रे किरणांची मात्रा त्यांना द्यायची, परत पाठवायचं, मग तुम्ही मोजून सांगणार की खरोखर किती पोचले. अर्ध्या तासाचं काम. पहिल्या वर्षी मी ते बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "पोरी, अभ्यासात भाग घेणं त्यांना परवडतं ज्यांच्याकडे दुसरा फिजिसिस्ट आहे. आणि निनोस्काला सांग, बापाची परीक्षा घ्यायला अजून तिची उंची वाढायची आहे." वर मलाच कोकाच्या पानांचा चहा पाजला. मी फॉर्मवर 'वेळ नाही' या चौकोनात खूण केली, तेवढाच तुला पाठवला, आणि कॅप्सूल खणात टाकल्या. पुढच्या वर्षीही तेच केलं. यंदाच्या जूनमधलं पाकीट तर मी फोडलंही नाही. तेव्हा बाबा स्वतःच उपचारासाठी यंत्राखालच्या टेबलावर झोपत होते.

उपचाराला सांताक्रूझला जा, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "स्वतः शिजवलेलं मी खाणार नाही तर लोकांनी का खावं?" घशाच्या कॅन्सरवर पस्तीस दिवस किरणं. किती सेकंद किरणं द्यायची तो वेळेचा तक्ता त्यांनीच केलेला, बटण मात्र मी दाबायचे. शेवटच्या आठवड्यात आवाज गेला, तर पाटीवर लिहायचे, 'आज तीन सेकंद उशीर. पगार कापतो.'

आता जे लिहिते ते तुझ्या आईला, डोन्या एल्फींनाही कळावं म्हणून सोपं करून लिहिते. यंत्राची ताकद आम्ही दर महिन्याला हवेने भरलेल्या एका लहानशा कुपीने मोजतो. हवा विरळ असेल तर कुपीतला आकडा कमी येतो, म्हणून त्या दिवशीच्या हवेच्या दाबाने तो सुधारून घ्यावा लागतो. आमचा दाबमापक फार पूर्वीच बिघडला. तेव्हापासून बाबा पहिल्या तारखेला विमानतळावर फोन करून दाब विचारायचे. विमानतळ दोन गल्ल्या पलीकडे होता, चूक काहीच नव्हती. आजारपणातही तो फोन त्यांनी कुणाला करू दिला नाही.

२ ऑगस्टला तो फोन पहिल्यांदा मी केला. तिकडची बाई विचारू लागली, डॉन अनसेल्मो कुठे आहेत. मी सांगितलं.  ती म्हणाली, "फार गोड बोलायचे हो. दर वेळी विचारायचे, वर पठारावर थंडी कशी आहे." तिने आकडा सांगितला, मी लिहून घेतला, फोन ठेवला, आणि तेव्हा लक्षात आलं. विमानतळ पठारावर जाऊन चार वर्षं झाली. शहरापेक्षा तीनशे मीटर उंच. तिथला दाब इथल्यापेक्षा कमी, त्याने सुधारलेला आकडा फुगतो. विद्यापीठातून दाबमापक मागून आणला आणि दोनदा मोजलं. चार वर्षं आम्ही यंत्राला आहे त्याहून जोरदार समजत होतो, आणि प्रत्येकाला किरणं साडेतीन टक्के कमी देत होतो. बाबांनाही.

साडेतीन टक्क्यांनी माणूस मरतो असं तू म्हणणार नाहीस. मरत नाही असंही तुला म्हणता येणार नाही. तुझं पहिलं पाकीट मी परत पाठवलं असतं तर हे दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं.

नवा तक्ता मी त्याच दिवशी लावला. कास्ताला सांगितलं, वेळा थोड्या वाढल्या आहेत. का ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. यंत्र आता बरोबर आहे. मी गप्प राहिले तर अडतिसांचे उपचार पुरे होतील आणि हॉस्पिटलात ठरलेला बाबांच्या नावाचा शिकवणीचा हॉल होईल. बोलले तर चौकशीसाठी यंत्र बंद, किती आठवडे ते कुणालाच माहीत नाही. बारा दिवस मी या दोन्हींच्या मध्ये उभी आहे. दोन्हीकडे माणसंच आहेत.

आज सकाळी जूनचं पाकीट फोडलं. चारही कॅप्सूल नव्या तक्त्याने किरणांत भाजल्या असत्या तर तुझ्याकडे आकडा चोख आला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मी दोन कॅप्सूल नव्याने केल्या आणि दोन जुन्या तक्त्याने, बाबा झोपले होते तेव्हाच्या. कोणती कशाने केली ते फॉर्मवर लिहिलं आहे. 'यापूर्वी भाग न घेण्याचं कारण' याखाली या वेळी एकही चौकोन भरला नाही. समासात लिहिलं, आमचं काम कुणी तपासावं असं आम्हाला वाटत नव्हतं. खाली माझी सही आहे. सोमवारी सकाळी संचालकांना सांगेन, त्याच्या आधी पोस्टात जाईन. पण तुझ्या बाबांचा आकडा तुला अभ्यासाच्या कोष्टकात सापडू नये, माझ्याकडून कळावा, म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. वर मी डोन्या एल्फींचं नाव घेतलं, ते खोडत नाही.

वारा पडला आहे. कोट भिजत घातला होता, तो आता पिळून दोरीवर टाकते.

तुझीच,
सुलेमा